काजूगराच्या सालपटांचा रंग सुती कापडावर टिकेल का? (गोवा)

मृणाल, मये

नमस्कार. मी रसायनशास्त्राच्या एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधाला विषय घेतलाय काजू कारखान्यातल्या टाकाऊ सालपटांचा: त्यांच्यापासून सुती कापडाला रंग देता येईल का, आणि त्याला खरोखर पर्यावरणस्नेही म्हणता येईल का. बाहेरचं टरफल मी घेतलेलं नाही, त्यातलं तेल अंगाला लागलं तर कातडी जाते. गर सोलताना त्याच्यावरून जो पातळ तांबूस पापुद्रा सुटतो, ती ही सालपटं. माझी मावशी डिचोलीकडच्या एका कारखान्यात सोलायच्या कामाला आहे. तिथे ती पोत्यापोत्यांनी साठतात. थोडी भट्टीत जळणाला जातात, बाकीची मागच्या बाजूला पडून कुजतात. त्यातलं एक पोतं सध्या आमच्या पडवीत आहे.

आतापर्यंत दिसलेलं सांगते. सालपटं रात्रभर भिजवली आणि सकाळी मंद आचेवर तासभर ठेवली की पाणी लालसर तपकिरी, अगदी गडद होतं. त्यात रेशमाचा तुकडा टाकला तर रंग असा चढतो की बघत राहावं. सुती कापडावर मात्र फिका, गुलाबीकडे झुकणारा बदामी येतो आणि साबणाच्या पाण्यातून काढला की निम्मा उतरतो. वर आणखी एक कोडं. तीच सालपटं, एकाच थानातलं कापड, भांडं दोन्हीकडे स्टीलचं. ताळगावला हॉस्टेलच्या नळाच्या पाण्यात स्वच्छ बदामी येतो, मयेला आमच्या विहिरीच्या पाण्यात राखाडी, मातकट.

तर सुतावर रंग धरायला काय करावं? विहिरीचं काय? आणि आमच्या मार्गदर्शक बाई म्हणतात, पर्यावरणस्नेही हा शब्द प्रबंधात हवा असेल तर त्याचा हिशोब दाखव. तो कुठून मांडायला घेऊ?

मावशीच्या बचत गटाला पुढे यातून उपरणी करायची आहेत, जमलं तर कुणबी कापडासारख्या लाल-पांढऱ्या चौकडीची. म्हणून लालही हवा. सगळे म्हणतात, गोव्यात भिरंडं (कोकमं) असताना लाल कशाला शोधतेस. खरंच चालेल का?

आबोली, कुंभारजुवे

मृणाल, किती छान विषय घेतलायस. भिरंडांबद्दल माझंही तेच मत. आगळाचा (भिरंडाच्या आंबट रसाचा) थेंब शाळेच्या पांढऱ्या शर्टावर पडला की आई डोक्याला हात लावायची, तो डाग काही जात नसे. मग रंग का टिकू नये? शिवाय हळद आहे, शेंदरीच्या बिया आहेत, जास्वंद, बीट. पारिजातकाच्या देठांचा केशरी तर डोळ्यांना इतका गोड लागतो! आणि कापूसच कशाला, आपल्याकडे केळी एवढ्या, सोपाचा (खोडाच्या पापुद्र्यांचा) धागा काढून कापड करता येईल ना? जाणकारांनी सांगावं.

खांडेपार

मृणाल, प्रश्न नीट मांडलायस, म्हणून सविस्तर लिहितो. मी परळच्या एका गिरणीत रंगखात्याच्या लॅबमध्ये होतो, १९८२च्या संपापर्यंत. मग गावी आलो. तेव्हापासून घरामागे चुलाणावर फक्त झाडापाल्याचे रंग करतो. रसायनांचे रंग आणि झाडांचे रंग दोन्ही हाताखालून गेलेत, त्या जोरावर बोलतोय.

आधी विहीर. दोन पांढऱ्या बशा घे. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत नळाचं. दोन्हींत चिमूटभर हिरडापूड टाक, ढवळ आणि थोडा वेळ ठेव. नळाचं पाणी फिकट पिवळसर राहील. विहिरीचं पाणी निळसर काळपट व्हायला लागलं तर त्यात लोह आहे. तुमचा सगळा तालुका खाणपट्ट्यातला, जमीन तांबडी, विहिरी जांभ्यात खोदलेल्या; लोह निघालं तर नवल नाही. टॅनिन (हिरड्यात, सालींत असतं ते तुरट द्रव्य) आणि लोह भेटले की काळं पडतं, जुन्या काळची लिहायची शाई याच मेळातून व्हायची. हिरड्यातलं टॅनिन लोहाबरोबर निळसर काळं होतं. तुझ्या सालपटांतलं टॅनिन दुसऱ्या जातीचं आहे, कॅटेचिनच्या घराण्यातलं. ते हिरवट राखाडीकडे जातं. तुला दिसलेला मातकटपणा तो हाच असणार.

उपाय सोपा आहे. विहिरीचं पाणी उघड्या पिंपात रात्रभर ठेव, मधूनमधून ढवळ. हवा लागली की विरघळलेलं लोह गंज होऊन तळाशी बसतं. वरचं पाणी जाड फडक्यातून गाळून घे आणि पुन्हा बशीत हिरडा टाकून बघ. किंवा जूनची वाट बघ. कौलांवरची धूळ धुऊन गेली की पागोळ्यांचं पाणी धर. रंगकामाला पावसाच्या पाण्यासारखं पाणी नाही आणि आपल्याकडे ते चार महिने फुकट पडतं. राखाडी मुद्दाम हवा असेल तेव्हा मात्र हीच विहीर तुझ्या कामाला येईल.

आता कापूस. रेशीम आणि लोकर म्हणजे प्रथिनं. तुरटीतलं ॲल्युमिनियम त्यांना आपण होऊन चिकटतं. कापूस पडला सेल्युलोज. त्याला तुरटी नुसती लावली तर धुण्यात निघून जाते. तिला धरायला मधे टॅनिन लागतं. कलमकारीचं किंवा अजरखचं कापड रंगाआधी हिरड्यात बुडवतात ते त्यासाठी.

पण त्याच्याही आधी कापड उकळ. गिरणीत आम्ही नव्या माणसाला पहिली गोष्ट हीच शिकवायचो. बाजारातल्या कोऱ्या कापडात खळ असते, कापसाचं मेण असतं, तेल असतं. धुण्याचा सोडा टाकून तासदीड तास उकळलं की पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या कापडातूनसुद्धा पिवळट तपकिरी पाणी निघतं. पहिल्यांदा बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही. झालं की नाही ते असं ओळखायचं: वाळलेल्या कापडावर बोटाने पाण्याचा एक थेंब सोड. थेंब क्षणभरही मोत्यासारखा उभा राहिला तर अजून मेण आहे, परत उकळ. टेकताक्षणी पसरून जिरला तर कापड तयार. या एका पायरीत कसर ठेवली तर पुढे तुरटी कितीही ओता, रंग ठिपक्याठिपक्यांनीच बसतो.

मग हिरडा, सुक्या कापडाच्या वजनाच्या १५ ते २० टक्के, कोमट पाण्यात, रात्रभर. पिळायचं, धुवायचं नाही. मग तुरटी, वजनाच्या १५ टक्के, आणि तिचा आंबटपणा थोडा मारायला २ टक्के धुण्याचा सोडा. सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून हळूहळू घाल, फसफसतं. हे कोमटच ठेव. कापड काढून सावलीत पूर्ण वाळव आणि शक्य असेल तर दोन दिवस तसंच राहू दे. मग हलकं धुऊन तुझ्या सालपटांच्या काढ्यात. उकळी आणायची गरज नाही, हात भाजेल एवढं गरम पुरतं. एक तास ठेवायचं, आणि गार होईपर्यंत त्यातच सोडायचं.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. हिरड्यात ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास टॅनिन असतं म्हणून आपण तो विकत आणतो, बहुतेक घाटावरून. तुझ्या पडवीतल्या पोत्यातही टॅनिनच आहे. म्हणजे सालपटं रंग म्हणून जेवढी उपयोगाची, तेवढीच हिरड्याच्या जागी पाया म्हणूनही. रंगकाम करणारी बहुतेक माणसं त्यांच्याकडे फक्त एक तपकिरी रंग म्हणून बघतात. तू एकाच कापडाचे दोन भाग कर, एकाला हिरड्याचा पाया, दुसऱ्याला सालपटांचा, दोन्हींना तीच तुरटी आणि वर तोच रंग. फरक मोजून मांडलास तर प्रबंधाला खरा कणा मिळेल. माझा अंदाज असा की सालपटांचा पाया स्वतः लालसर असल्याने त्यावर स्वच्छ पिवळा यायचा नाही, पण लालाला तो खालून आधार देईल.

भिरंडांचं मात्र मनातून काढून टाक. आबोलीताई, तुमच्या शर्टावरचा डाग शेवटी लाल राहिला होता का? बहुतेक करडा, मळका झाला असेल. भिरंडाचा लाल हा अँथोसायनिन जातीचा रंग. आम्लात लाल, साबणाच्या अल्कलीत निळसर हिरवट, उन्हात काही दिवसांत बेरंग. सोलकढीत तो लाल दिसतो कारण भिरंड स्वतः आंबट असतं. कापडातला आंबटपणा पहिल्या धुण्यात जातो, त्याच्यामागे रंगही जातो. जास्वंद आणि बीट यांचीही गत तीच. हळद कापसाला बिनतुरटीची लागते, दिसते झगझगीत, पण उन्हात टिकण्यात ती सगळ्यांच्या तळाला आहे, आणि साबण लागला की लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते आपल्याला ठाऊकच आहे. पारिजातक आणि शेंदरी, दोन्ही सुंदर, दोन्ही उन्हाला भितात. देवाच्या वस्त्राला वापरा, गिऱ्हाइकाला विकू नका. बचत गटाचं एक उपरणं महिन्यात उडालं की पुढची दहा माणसं म्हणतात, झाडाचे रंग असलेच. आणि कष्ट त्या बायकांचे वाया जातात. मला याची फार चीड आहे.

गोव्यात टाकाऊ म्हणून मिळणारं आणि टिकणारं बरंच आहे. फणसाच्या लाकडाचा भुसा घे: सुताराकडे मिळतो, तुरटीवर सोनेरी पिवळा देतो, हळदीच्या कितीतरी पुढे टिकतो. श्रीलंका, थायलंडकडे भिक्षूंची चीवरं याच लाकडाने रंगवत आले. रसाच्या गाड्यांवरची डाळिंबाची सालं, नारळाची सोडणं. लाल मात्र टाकाऊतून येत नाही. त्याला मंजिष्ठाच घे, काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. तिला उकळू नको. ७० अंशांच्या वर गेली की लाल सोडून विटकरी तपकिरी व्हायला लागते. पाण्यात किंचित चुना असला तर तिचा लाल खुलतो, म्हणून पावसाच्या पाण्यात करशील तर चुन्याच्या निवळीचे काही थेंब घाल. आल, म्हणजे ज्याला आता सगळे नोनी म्हणतात ते झाड, आपल्या किनाऱ्याला आहे आणि त्याच्या मुळांत लाल आहे. पण मुळं म्हणजे झाड उपटणं आलं. नको.

तसंच ऐन, खैर, कांदळ यांच्या सालींचं. नायलॉन येण्याआधी रापणीची सुती जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात शिजवत, म्हणजे जाळं कुजत नसे. माझ्या आजोबांच्या हातांची नखं त्यानं कायमची तांबूस झाली होती. तेव्हा जाळी थोडी होती आणि रान मोठं होतं. आता सालीसाठी उभं झाड सोलणं मला पटत नाही, सत्तरीत तर म्हादई अभयारण्य आहे, तिथून पानही उचलू नये.

जुन्या कृतींत पोटॅशियम डायक्रोमेट आणि मोरचूद सापडेल. दोन्हींना हात लावू नको. पहिल्यातलं क्रोमियम कर्करोग करणारं, दुसऱ्यातलं तांबं ओहोळातल्या जिवांना मारतं. तुरटी आणि थोडी हिराकस (लोहाचा क्षार), एवढ्यात सगळं भागतं. हिराकसही वजनाच्या २ ते ४ टक्क्यांपलीकडे नको, लोहानं कापसाचा धागा खाल्ला जातो.

केळीच्या सोपाचा धागा चांगला आहे, पण राठ. पिशव्या, चटया, हातकागद यांना घ्या, अंगावरच्या उपरण्याला नको.

धोटा, पेडणे

मी विणतो, रंगवत नाही, तरी चौकडीपुरतं बोलतो. चौकडी हवी असेल तर कापड रंगवून उपयोग नाही, सुताच्या लडी रंगवाव्या लागतात. लड सैल, चार ठिकाणी आठच्या आकड्यात बांधलेली हवी, नाहीतर गाठीखाली रंग पोचत नाही आणि विणल्यावर पट्ट्यात पांढरे डाग दिसतात. रंगवून झाली की ताण्याच्या सुताला पेजेची खळ लागते, तिच्याशिवाय सूत मागावर तुटतं. रंग कच्चा असेल तर खळ लावतानाच कळतं, पेज रंगते.

खरी परीक्षा पुढे आहे. एकरंगी कापडाचा थोडा रंग गेला तर कुणाला कळत नाही. लाल-पांढऱ्यात लालानं जरा अंग सोडलं की शेजारचा पांढरा गुलाबी होतो, मग ते कापड कुणबी म्हणून कोण घेणार? खांद्यावर देठली (लुगड्याची गाठ) बांधून शेतात राबणाऱ्या बाईचं हे कापड. घाम, चिखल, रोजचं धुणं यांतून गेलेलं. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी २०१०-११च्या सुमारास ते फॅशनच्या मंचावर नेलं तेव्हापासून मागणी आली, पण मागणी आली म्हणून कच्च्या रंगात कुणी ते विणू नये असं मला मनापासून वाटतं.

मृणाल, मये

काका, बशीचा प्रयोग केला. विहिरीच्या बशीत पाणी काळं-निळं झालं, नळाची बशी पिवळीच राहिली. आई शेजारी उभी होती, तिनं लगेच सांगितलं की याच पाण्यात आवळे उकडले की ते काळे पडतात, म्हणून ती त्याला नळाचं पाणी घेते. कापडाच्या थेंबाचाही प्रयोग केला. थेंब उभा राहिला! म्हणजे मी कापड नुसतं गरम पाण्यातून काढत होते ते पुरत नव्हतं.

आता दोन शंका. तुरटीचं उरलेलं पाणी आम्ही परसात ओततो, आपली माती मुळात आम्लधर्मी, मग ॲल्युमिनियमनं झाडांच्या मुळांना त्रास होणार नाही का? आणि पर्यावरणाच्या हिशोबात नेमकं काय काय धरू? बाईंचं म्हणणं, कृत्रिम रंगाशी तुलना केल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

धोटा दादा, लडी बांधायची रीत मावशीला दाखवाल का? पेडण्याला यायला आम्ही तयार आहोत.

मिठागर

थोडं बाजूचं. रंगांवरचं संशोधन म्हणजे झाडंच असं नाही. सेरॅशिया नावाच्या जीवाणूच्या प्रोडिजिओसिन या लाल रंगानं कापड रंगवण्याचे प्रयोग झालेत. आपल्या मिठागरांत उन्हाळ्यात पाणी आटत आलं की जो गुलाबी-तांबूस थर दिसतो, तोही क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा, आणि गोवा विद्यापीठात त्या जीवांवर काम झालेलं आहे. बचत गटाच्या उपयोगाचं नाही, पण प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात एक परिच्छेद नक्की येईल.

खांडेपार

आवळ्याचं निरीक्षण प्रबंधात आईच्या नावानं घाल.

तुरटीची शंका बरोबर आहे, आणि झाडांचे रंग करणारे बरेचजण ती मनातही आणत नाहीत. पहिली गोष्ट, ते पाणी ओतूच नको. एका कापडानं सगळी तुरटी घेतलेली नसते. पुढच्या खेपेला निम्मी-पाऊण भर घालून तेच पाणी वापर, गढूळ होईपर्यंत. शेवटी टाकायची वेळ आली की चुन्याची निवळी घालत जा. पीएच सातच्या जवळ आला की ॲल्युमिनियमचा पांढरा साका खाली बसतो. वरचं पाणी सोड, साका फडक्यावर वाळवून बाजूला काढ. एकाच माडाच्या किंवा आंब्याच्या मुळाशी वर्षानुवर्षं तुरटीचं पाणी घालू नये, आपल्या तांबड्या मातीत तर नाहीच.

तुरटीच नको असेल तर त्यावरही काम चाललंय. काही झाडं मातीतलं ॲल्युमिनियम स्वतःच्या पानांत साठवतात. इंडोनेशियात सिम्प्लोकॉसच्या गळलेल्या पानांची पूड तुरटीच्या जागी वापरतात. त्याच कुळातला लोध्र आपल्या सह्याद्रीत आहे. वैद्य त्याची साल वापरतात, तुला साल नको, गळलेली पानं हवीत. प्रयोगशाळेत त्या पानांतलं ॲल्युमिनियम मोजायची सोय तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही. मला हे कुणीतरी करावं असं फार दिवस वाटतंय.

आता हिशोब. बाईंचं म्हणणं मला मान्य आहे. कृत्रिम रंग म्हणजे सरसकट विष असं लिहू नको, ते खरं नाही. ॲझो नावाच्या कृत्रिम रंगांपैकी ज्यांच्यातून कर्करोगकारक अमाइन सुटतात त्यांच्यावर जर्मनीनं १९९४ मध्ये बंदी घातली, भारतानं १९९७ मध्ये. बाकीचे वापरात आहेत. तसंच झाडाचा रंग म्हणजे पुण्य असंही नाही. निळीच्या सक्तीविरुद्ध बंगालच्या शेतकऱ्यांना १८५९-६० मध्ये उठाव करावा लागला आणि १९१७ मध्ये चंपारणात गांधीजींना जावं लागलं, ती नीळ नैसर्गिकच होती. भाताच्या जमिनीत सक्तीनं पिकवलेली. जर्मनीतल्या कारखान्याची कृत्रिम नीळ १८९७ मध्ये बाजारात आली म्हणून ती लागवड आटत गेली. म्हणून मी सालपटांच्या मागे लागलोय. त्यांना वेगळी जमीन लागत नाही, वेगळं पाणी लागत नाही, कुणाचं रान तोडावं लागत नाही. काजू गरासाठी पिकतोच.

पण पाणी आणि सरपण लपवू नको. एका टप्प्याला कापडाच्या वीसपट पाणी धर. उकळणं, पाया, तुरटी, रंग, शेवटचं धुणं, असं एक किलो कापडाला शंभर लिटर सहज जातं, मधली विसळणी वेगळी. प्रत्येक टप्प्याचं पाणी मोजून लिही. सरपणही वजन करून लिही. मार्च ते मेपर्यंत काळ्या रंगवलेल्या झाकणाच्या पिंपात, उन्हात, सालपटांचा काढा चांगला उतरतो, वेळ दुप्पट-तिप्पट लागतो एवढंच. तो आकडाही घे. कृत्रिम रंगाच्या तुलनेत तू पाण्यात हरशील, कदाचित सरपणातही. जिंकशील ती सांडपाण्यात काय उरतं त्यात. काढा आणि हिरड्याचं पाणी कुजून माती होतं, तुरटीचं वर सांगितलं. हे तिन्ही आकडे समोरासमोर मांडलेस तर बाईंना काय, कुणालाही आक्षेप घेता येणार नाही.

आणि दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेचं एक काम जरूर वाच. लक्षद्वीपच्या प्रवाळ बेटाआतल्या उथळ पाण्यातल्या (लगूनमधल्या) कुजणाऱ्या समुद्रगवतावर त्यांना फ्लेवोडॉन फ्लेवस नावाची बुरशी मिळाली, ती कृत्रिम रंगांचा आणि मळीच्या सांडपाण्याचा रंग मोडते. कृत्रिम रंगाच्या सांडपाण्यावर उपाय आहे की नाही, हे लिहिताना ते सोडून चालणार नाही.

टिकाऊपणाची चाचणी. प्रयोगशाळेत आयएसओ १०५ मालिकेतल्या चाचण्या माग: बी०२ उजेडासाठी, सी०६ धुण्यासाठी, ई०४ घामासाठी, एक्स१२ घासण्यासाठी. उजेडाचा निकाल १ ते ८ च्या निळ्या लोकरीच्या मापावर येतो, कपड्याला निदान ४ हवा असं आम्ही गिरणीत धरायचो. बाकीचे १ ते ५ च्या करड्या मापावर. धोटा म्हणाले ते शेजारच्या पांढऱ्याला डाग लागणं, त्याचा वेगळा आकडा असतो, तो विसरू नको. चौकडीला तोच निर्णायक. प्रयोगशाळेच्या आधी घरी: नमुन्याची पट्टी पुठ्ठ्यावर चिकटव, अर्धी काळ्या कागदानं झाक, खिडकीत लाव. शेजारी हळदीची एक पट्टी मुद्दाम ठेव, म्हणजे ऊन किती कडक होतं ते तिच्यावरून कळेल. सालपटांचा रंग उजेडात उडण्याऐवजी किंचित लालसर गडद होतो. ते बघून घाबरू नको, तो त्या टॅनिनचा स्वभाव आहे, पण मोजून लिही.

धोटा, पेडणे

मृणाल, मावशींना घेऊन रविवारी ये, पण सुताच्या दोन लडी सोड्यात उकळूनच आण. माझ्याकडे मोठं पातेलं नाही. लाल लडी आणायची घाई करू नका. आधी बदामी आणि पांढरा विणू, तो कपडा महिनाभर कुणीतरी रोज वापरून धुवायचा, मग मंजिष्ठेकडे वळू.

मृणाल, मये

येतो. कपडा मावशीच वापरणार, कारखान्यात कामावर नेईन म्हणते. काका, विकताना चिठ्ठीवर काय लिहावं?

खांडेपार

जे घातलंय ते लिहा. कापूस, काजूगराची साल, तुरटी. साबण सौम्य, सोड्याची पावडर नको. सावलीत वाळवा. लिंबू, आगळ, चिंच पडलं तर लगेच साध्या पाण्यानं धुवा, आम्लानं तुरटी सुटते आणि तिथे फिका डाग राहतो. लोखंडी तारेवर वाळत घालू नका, तारेचा गंज लागला की टॅनिनवर काळी रेघ उठते आणि ती जात नाही. 'शंभर टक्के नैसर्गिक' असं छापू नका. मंजिष्ठेचा लाल आला की तिचंही नाव घाला.